पहिल्या ओळीतला शब्द

"वाचा," सोमाजी लांजेवार म्हणाले. "तुमीच लिवलं ना हे? मंग तुमीच वाचा. मोठ्यानं. सगळ्याइले ऐकू येऊ द्या."

कागदाचं एक टोक चिमटीत धरून त्यांनी तो माझ्यापुढं केला. चार घड्या पडलेला, कडेला तेलाचा डाग. खाली माझी सही आणि तिच्यावर निळा गोल शिक्का. अंगणात वीस-पंचवीस माणसं उभी होती. आतल्या खोलीतून सोमाजींच्या सुनेचा, वच्छलाचा आवाज येत होता. ओरडणं नव्हतं ते, दात आवळून काढलेला, लांबत जाणारा हुंकार होता. तो थांबला की अंगणात कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं.

मी वाचलं. "श्रीमती बिरजाबाई शेंडे, वय वर्षे पंचावन्न, यांच्या दोन्ही हातांवर श्वेतकुष्ठाचे डाग आहेत."

"थांबा."

"पुढं आणखी एक ओळ आहे, काका."

"पुढचं राहू द्या. तो शब्द पुन्हा वाचा."

"श्वेतकुष्ठ."

"ऐकलं?" सोमाजी लोकांकडे वळले. "कुष्ठ. मी नाही म्हनत. सरकार म्हनते. शिक्का हाये."

फाटकाबाहेर बिरजाबाई उभी होती. धानाचं काम टाकून आली असावी, कासोट्याला तणसाच्या काड्या चिकटल्या होत्या. हात तिनं पदराखाली घेतले होते. ती कोणाकडेच पाहत नव्हती. तिचं सगळं लक्ष त्या आतल्या आवाजाकडे होतं, आणि दोन कळांमधलं अंतर ती मनात मोजत होती हे तिच्या ओठांवरून कळत होतं.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणऐंशी सालची, मार्गशीर्षातली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो आणि भंडाऱ्याच्या बाजूला सरकारी कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. सायकलवरून गावोगाव हिंडायचं, माणसांची कातडी तपासायची, कुठं बधिर चट्टा सापडला तर त्या माणसाला गोळ्या चालू करायच्या, असं काम. माझं नाव मुकुंद देवपुजारी, पण त्या चाळीस गावांत ते कोणाच्या तोंडी नव्हतं. 'महारोगवाले सायेब आले' एवढंच.

दोन महिन्यांपूर्वी याच गावातल्या शाळेत मी तपासणी केली होती, तेव्हा बिरजाबाई सगळ्यांत शेवटी आली. ती गावची सुईण. तीस वर्षांत दोन-अडीचशे मुलं तिच्या हातावर जन्मली होती. खुद्द सोमाजींचा मुलगा धनराज, म्हणजे वच्छलाचा नवरा, तिनंच काढलेला. तीन वर्षांपासून तिच्या बोटांवर पांढरे डाग उमटायला लागले होते आणि आता मनगटापर्यंत पोचले होते. दुधात हात बुडवून काढल्यासारखे. मी पीस फिरवलं, टाचणी टोचली, गरम-गार पाण्याच्या नळ्या लावल्या. सगळं तिला जाणवत होतं. महारोगाचा संबंध नव्हता. पुढच्या आठवड्यात आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मिर्झांनीही तिला पाहिलं आणि कार्डावर इंग्रजीत एक शब्द लिहिला, व्हिटिलिगो.

"सायेब, एक कागद द्या," बिरजाबाई म्हणाली होती. "लोक कायबी बोलून रायले. महारोग नाही असं लिवून द्या. मराठीत द्या म्हंजे कोनीबी वाचन."

कागद मी मोठ्या हौसेनं लिहिला. माझे वडील हायस्कुलात संस्कृत शिकवत आणि घरात अशुद्ध शब्द उच्चारला तर जेवताना ताटावरून उठवत. 'कोड' हा शब्द माझ्या मनात आला होता. पण तो मला गावंढळ वाटला, शिवी दिल्यासारखा. एका कष्टाळू बाईच्या नावापुढं, सरकारी कागदावर, तो बरा दिसेना. म्हणून मी 'श्वेतकुष्ठ' लिहिलं. शब्दाला वजन होतं, शिस्त होती. तिला मान दिल्यासारखं वाटलं मला.

तिनं कागद कपाळाला लावला होता आणि गावाला दाखवायला सोमाजींच्या हातात नेऊन दिला होता.

"पुढची ओळ वाचू द्या," मी म्हणालो आणि कोणी अडवायच्या आत वाचून टाकली. "सदर आजार सांसर्गिक नाही."

सोमाजी माझ्याकडे पाहत राहिले. साठीचा उंच माणूस, धोतर गुडघ्याच्या वर, खांद्यावर दुपट्टा. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"सांसर्गिक म्हनजे?"

"म्हणजे लागट नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही."

"मंग तसं काहून नाही लिवलं?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

आतून सोमाजींची बायको, मुक्ताबाई, धावत दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "अवं, पाय आला! पोराचा पाय आला बाहेर! कोनी काही करा ना!"

अंगण हललं. बायकांनी तोंडाला पदर लावले. पायाळू मूल, आणि तेही पहिलटकरणीचं. आरोग्य केंद्र सोळा किलोमीटर. तिथली जीप सकाळीच शिबिराला गेलेली, हे मला पक्कं माहीत होतं, कारण ती गेलेली बघूनच मी निघालो होतो. गावातला एकुलता एक ट्रॅक्टर धनराजनं धान घेऊन तालुक्याच्या राइस मिलवर नेला होता. बैलगाडीनं पोचायला चार तास लागले असते. शेजारच्या गावातल्या सुईणीला निरोप गेला होता, पण ती स्वतःच तापानं पडलेली, असं उत्तर घेऊन माणूस परत आला होता. मी गोळ्या वाटायला गावात शिरलो तेव्हा चौकातच मला धरून इथं आणलं होतं. कागद लिहिणारा साहेब आला आहे, त्यालाच विचारू, म्हणून.

"काका, बिरजाबाईला आत जाऊ द्या," मी म्हणालो. "मी सांगतो ना, हा महारोग नाही."

"मंग कुष्ठ काहून लिवलं?"

इथं मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही. आत एक बाई अडली होती, आणि मी माझा शब्द सोडवायला बसलो. म्हणालो, कुष्ठ हा फार जुना शब्द आहे. आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत कातडीच्या सगळ्याच आजारांना कुष्ठ म्हणत, खरूज आणि नायटासुद्धा त्यातच धरत. श्वेत म्हणजे पांढरं. तेव्हा श्वेतकुष्ठ म्हणजे कातडीचा पांढरा आजार, एवढाच अर्थ. इंग्रजीतही डॉक्टर लोक ल्युकोडर्मा म्हणतात, तो ग्रीक शब्द आहे, त्याचाही अर्थ पांढरी कातडी. महारोग निराळा. तुम्ही लोक नुसत्या महारोगालाच कुष्ठ समजता म्हणून हा घोटाळा...

"आमी लोक," सोमाजी म्हणाले.

मी थांबलो.

"आमी ग्रंथ नाही वाचले, सायेब. पन महारोग मले शिकवू नका." त्यांनी आवाज चढवला नाही. "माहा भाऊ होता. किसन. माह्याहून दोन वर्सानं मोठा. चुलीतला निखारा हातानं उचले. बोट जळून जाये, आमाले वास येये, त्याले नाही कळे. माय चिंध्या बांधे, मी धुवून देवो. मंग एक दिवस गावानं सांगितलं, न्या याले. ह्याच फाटकातून तो गेला. कोनी हात नाही लावला. मीबी नाही."

आतून वच्छलाचा आवाज आला, आणि या वेळी ते ओरडणं होतं. "माय वं!"

"मी चुकीचं लिहिलं," मी म्हणालो. माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला. "काका, चूक माझी आहे. तो शब्द लिहायला नको होता. मी आत्ता दुसरा कागद लिहून देतो."

"त्या दिवशी बरोबर व्हतं, आज चूक हाये," सोमाजी म्हणाले. "उद्या काय असन? कोनत्या दिवसाचं खरं धरू मी? माही सून हाये आत. माह्या पोराचं पोर हाये."

त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं. माझ्या शब्दाला तिथं आता काही किंमत उरली नव्हती, खऱ्यालाही आणि खोट्यालाही. लोक माझ्याकडे बघायचेच थांबले. मुक्ताबाई उंबऱ्यातच बसून रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, गाडी जुंपा. कोणीतरी म्हणालं, आता गाडी काय कामाची.

तेवढ्यात फाटकाचा आवाज झाला.

बिरजाबाई आत आली होती. दोन महिन्यांत ती गावातल्या एकाही अंगणात आली नव्हती. बोअरिंगवर तिची घागर लोक काठीनं सरकवत होते, हे मला नंतर कळलं. ती चालत आली तशी माणसं मागं सरली. ती सोमाजींच्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "सायेब, तुमची ती टाचनी द्या."

मी पिशवीतून टाचणी काढली. तिनं ती घेतली आणि सोमाजींपुढं धरली.

"तुमच्या किसनाले मी पायलं हाये," ती म्हणाली. "त्याले कळे नाही, हे तुमाले मालूम हाये. या सायेबापेक्षा जास्त मालूम हाये. घ्या. टोचा."

सोमाजी हलले नाहीत.

"कागद नका पाहू. माहा हात पाहा. जिथं पांढरं हाये तिथं टोचा. मी डोळे झाकतो." त्या झाडीपट्टीतल्या बायका पुष्कळदा पुरुषासारखंच बोलतात, 'झाकतो', 'जातो'. "मले कळलं तं मी आत जाईन. नाही कळलं तं ह्या फाटकातून मलेबी काढा."

"बिरजा..."

"लवकर करा, भाऊ. पोराचा पाय थंडा पडून रायला असन."

तिनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि दोन्ही हात पुढं केले. तिच्या बोटांना थरथर नव्हती. टाचणी आता सोमाजींच्या हातात होती. आणि मग त्यांना कळलं, आम्हा सगळ्यांनाच कळलं, की टोचायचं तर तो हात आधी धरायला हवा.

चार-पाच श्वास गेले. मग त्या उंच माणसानं डावा हात पुढं करून तिचं पांढरं मनगट धरलं.

"हा तुमचा हात हाये," बिरजाबाई म्हणाली. "धरला तुमी."

त्यांनी टाचणी टेकवली.

"अंगठ्याजवळ. टोचलं नाही, नुसती टेकवली."

मग त्यांनी टोचली.

"हां. करंगळीच्या मुळाशी."

त्यांनी टाचणी उलटी केली आणि बोथट डोकं लावलं.

"हे टोक नाही, डोकं हाये. खोटं करू नका, भाऊ."

मागच्या बाजूला कोणीतरी हसू दाबल्यासारखं केलं आणि लगेच गप्प झालं. सोमाजींनी तिचा दुसरा हात घेतला. त्यावर सर्वांत मोठा डाग होता, तळहाताच्या मागं पसरलेला. त्यांनी तिथं टाचणी रोवली, हवी होती त्याहून जोरात. बिरजाबाईचा खांदा उसळला. "आई गं!" तिच्या तोंडून निघालं, आणि त्या पांढऱ्या कातडीवर रक्ताचा एक लालभडक थेंब उभा राहिला.

सोमाजी त्या थेंबाकडे बघत राहिले. त्यांनी टाचणी खाली टाकली आणि दुपट्ट्याच्या टोकानं तो थेंब पुसला.

"जा," ते म्हणाले. "जा आत."

बिरजाबाईनं पदर डोक्यावर घेतला तेव्हाच ती निम्म्या वाटेवर होती. "गरम पानी! साबन! अन् बायकाइले बाहेर काढा, वारा येऊ द्या!" मी पिशवीतली जंतुनाशकाची बाटली घेऊन धावलो. तिनं ती घंगाळात ओतायला लावली, कोपरापर्यंत हात घासले आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतरचा अर्धा तास मी धानाच्या पोत्यांना टेकून बसलो होतो. दारातून फक्त तिचा आवाज येत होता, सपाट आणि बारीक, बाळाला थोपटावं तसा. "जोर नको करू, बाई. अजून नको. सोड श्वास... ओढू नको म्हनलं ना मुक्ते, हात काढ! लोंबू दे त्याले. आपल्या वजनानं येऊ दे."

एकदा मुक्ताबाई बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. "खांदे आले," ती सोमाजींना म्हणाली. "डोकं अडलं." आणि परत आत गेली.

मग बराच वेळ काहीच आवाज नाही. वच्छलाचाही नाही. सोमाजी अंगणाच्या मधोमध उभे होते. ते माझ्याकडे वळून काही बोलतील, एखादी शिवी देतील, असं मला वाटत होतं. मला ती हवीच होती. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आतून एक चापट ऐकू आली. दुसरी. बिरजाबाईचा आवाज आता मोठा झाला होता, "रड ना वं! एवढ्या दूर आली अन् रडाचं नाही काय?" तिसरी चापट. आणि मग मांजराच्या पिल्लासारखं काहीतरी किरकिरलं. थांबलं. पुन्हा किरकिरलं, आणि मग ते रडणं वाढत वाढत अंगणभर झालं.

मुलगी होती. वच्छलालाही काही झालं नाही. बायका एकदम बोलायला लागल्या, कोणीतरी गूळ आणला, बैलगाडी जुंपणारा हातात जू धरून वेड्यासारखा हसत होता.

बिरजाबाई बाहेर आली आणि अंगणाच्या कडेला बसून हात धुवायला लागली. सोमाजी स्वतः तांब्यातून पाणी ओतत होते. तिचं धुऊन झालं तरी ते ओतत राहिले.

"बिरजा, चहा घेऊन जा," ते म्हणाले.

"घेतो. पन आज नाही." ती उठली. "माहं धान उघडं पडलं हाये."

फाटकाशी मी तिला गाठलं. मला क्षमा मागायची होती आणि त्यासाठी मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवलीही होती. चांगली वाक्यं होती ती. तिनं मला बोलूच दिलं नाही.

"सायेब, एक विचारू?"

"विचारा, मावशी."

"हा असा कागद तुमी मलेच देल्ला, का आनखी कोनाले?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. पदर खोचून शेताच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टर मिर्झांच्या टेबलासमोर उभा होतो. कुलसूम मिर्झा पन्नाशीच्या, अमरावतीच्या, कडक बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, शब्द चुकीचा नव्हता," मी म्हणालो. रात्रभर मी हेच घोकत होतो. "शब्दकोशात आहे. आणि 'कोड' लिहिलं असतं तरी तो शब्दही कुष्ठावरूनच आलेला आहे. कुष्ठाचं कोढ झालं, कोढाचं कोड."

"असेल. पण कोड म्हटलं की लोकांना पांढरे डाग दिसतात. कुष्ठ म्हटलं की झडलेली बोटं दिसतात. दोघं एकाच घरातले असतील, वाटे होऊन शेकडो वर्षं झाली." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या ग्रंथांत या पांढऱ्या डागांना वेगळा शब्द नाही का?"

"आहे. श्वित्र."

"मग तो का नाही लिहिला?"

"कोणालाच कळला नसता."

"देवपुजारी," त्या म्हणाल्या, "न कळलेला शब्द बरा होता."

मी खाली पाहिलं.

"मी कार्डावर व्हिटिलिगो लिहिते. त्याचा अर्थ ठाऊक आहे?"

"नाही."

"लॅटिन आहे. आमच्या प्रोफेसरांनी दोन अर्थ सांगितले होते. कोणी म्हणतात, मूळ शब्द व्यंग असा आहे. डाग, दोष. कोणी म्हणतात, वासरू. वासराच्या अंगावर पांढरे ठिपके असतात ना, त्यावरून. नक्की कोणता, हे अजून कोणाला सांगता आलेलं नाही. पेशंट विचारतात, मॅडम, हे काय नाव? एवढ्याएवढ्या पोरी असतात, आरशात बघायचं सोडलेल्या. मी त्यांना वासराचं सांगते. ते खोटं नाही. आणि दुसरा अर्थ त्यांना गावानं आधीच सांगितलेला असतो."

त्यांनी टेबलावरची पावतीपुस्तकासारखी वही माझ्याकडे सरकवली. दाखल्यांच्या स्थळप्रती. "मोजा."

मी पानं उलटली. कार्बनच्या फिकट जांभळ्या अक्षरात, माझ्याच वळणदार हस्ताक्षरात तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता, दर वेळी पहिल्याच ओळीत. बिरजाबाई सोडून अकरा.

"बिरजाबाईनं विचारलं नसतं तर?" मॅडम म्हणाल्या. मग कोरा कागद पुढं केला. "लिहा. यांच्या कातडीचा रंग गेला आहे. हा महारोग नाही. हा कोणालाही लागत नाही. एवढंच. अकरा प्रती करा. आणि प्रत्येक गावात चार माणसं बोलावून स्वतः वाचून दाखवा."

मी नऊ दिवस सायकल चालवली. एका शिंप्यानं तो कागद पेटीच्या तळाशी टाकून दिला होता. कोणाला दाखवलाच नव्हता म्हणून तो बचावला होता. एका शाळेत सहावीतल्या मुलीला दाराजवळ वेगळ्या पट्टीवर बसवत होते. मी नवा कागद वाचल्यावर गुरुजींनी स्वतः तिची पाटी-दप्तर उचलून मधल्या रांगेत ठेवलं आणि बाकीचा तास खिडकीबाहेर बघत शिकवलं. एका बाईचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तिच्या वडिलांनी माझ्या तोंडावर दोन्ही कागद फाडले. मी ते तुकडे गोळा केले नाहीत. त्यांच्या अंगणात ते पडू दिले.

शेवटचं गाव जंगलाच्या कडेला होतं, वीस-बावीस घरांचं. फागू नावाचा माणूस आणि त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी, इंदू. मला ती आठवत होती. ओठांच्या कडेला आणि एका पापणीवर पांढरा ठिपका. तपासताना पिसानं तिला गुदगुल्या झाल्या होत्या आणि तिचं हसू थांबता थांबत नव्हतं.

घराच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारी सुपानं तांदूळ पाखडत होती.

"फागू कुठं गेला, आजी?"

"कोन, फागू? गेले ना ते. महिना झाला."

"कुठं?"

"काय मालूम, बापा." ती पाखडत राहिली. "लय चांगला मानूस व्हता. पोरीपायी जीव टाके. सरकारनं त्याले कागद देल्ला व्हता, शिक्क्याचा. तो त्यानं काचेत मढवला, भिंतीले टांगला. आल्या-गेल्याले बलावून दाखवे. म्हने, पाहा, माही पोरगी चांगली हाये, सरकारनं लिवून देल्लं."

माझा हात पिशवीतल्या कागदावर होता.

"त्याले वाचता येत नव्हतं," म्हातारी म्हणाली. "आमालेबी नाही येत. पाहो आमी, शिक्का चांगला दिसे. मंग दिवाळीत एक पावना आला कोनाकडं, शिकलेला. त्यानं वाचला."

तिनं सूप खाली ठेवलं आणि जंगलाच्या बाजूला हात केला. मी त्या बाजूला गेलो. पुढच्या गावात विचारलं, त्याच्या पुढच्या गावात विचारलं. अंधार पडेपर्यंत विचारत राहिलो.

मी आणखी एकोणतीस वर्षं तीच नोकरी केली, चार जिल्ह्यांत. नव्या गावात तपासणीला गेलो की काम सुरू करायच्या आधी मी एक प्रश्न विचारत असे. इथं फागू नावाचा कोणी बाहेरून येऊन राहिला आहे का? त्याच्याबरोबर एक मुलगी असेल, पापणीवर पांढरा ठिपका असलेली. पुढं पुढं मी 'मुलगी'च्या जागी 'बाई' म्हणायला लागलो.

कोणी हो म्हणालं नाही.